कापलेले चार गुण

३ फेब्रुवारी

भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडलं नाहीस असं धरून पुढे लिहितो. फाडलं असशील तर मी हवेशी बोलतोय, आणि त्याची मला सवय आहे. शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवताना शेवटच्या तीन बाकांशी मी तेच करत होतो.

तुझा पत्ता आत्याकडून काढला. दोन वर्षांपूर्वी तुम्ही घर बदललंत तेव्हा तू तिला दुकानाचा पत्ता घालून कार्ड पाठवलं होतंस, ते तिने गोळ्यांच्या डब्यात तळाशी लपवलं होतं. मी गेल्या आठवड्यात सरळ विचारलं, तर तिने कानातलं मशीन बंद केलं आणि माझ्याकडे बघून गोड हसत बसली. ऐंशीची झाली तरी माझी मोठी बहीण असल्याचा तोरा काही कमी होत नाही. शेवटी मी पत्त्यांचे तीन डाव मुद्दाम हरलो. चौथ्या डावाला तिने पानं पिसता पिसता म्हटलं, "अकरा वर्षं गप्प बसलास, आता काय आग लागलीय?" मी म्हटलं, सहजच. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत सातवीत गेलो. पण कार्ड दिलं.

तर सहजच लिहितोय. गुडघे कुरकुरतात, दात पाच उरलेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. बाकी बरा आहे. नोव्हेंबरपासून एक काम अंगावर घेतलंय. गुणवंत विद्यार्थी पुरस्काराच्या समितीवर गणिताचे जे परीक्षक होते त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, म्हणून त्यांच्या जागी मला बसवलं. दहा-बारा गावांतल्या हायस्कुलांमधून सहा मुलं निवडायची आणि त्यांच्या कॉलेजचा भार उचलायचा, तोच तो पुरस्कार. तुला काय सांगायचं त्याबद्दल. तुला माहीत आहे.

पेपरांवर नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. माझ्याकडे चाळीस आले होते. एकेक पोर काय लिहितं गं! वाचताना माझा चहा गार होत होता आणि आत्या मला आंधळा, बहिरा, काय वाटेल ते म्हणत होती.

एक विचारायचं होतं. तू अजून चादरींच्या घड्या तशाच घालतेस का? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

तुझा बाबा


९ फेब्रुवारी

भिंगरी,

उत्तर आलं नाही. चालेल असं मीच लिहिलं होतं, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही. तरी पोस्टमन आला की मी दारात असतो. तो आता माझ्याकडे बघून लांबूनच हात हलवतो, म्हणजे आज काही नाही.

चादरीचं सहज विचारलं नव्हतं. सांगून टाकतो.

पेपरात एक प्रश्न होता, चाळीस गुणांचा: तुम्हाला आवडणारी गणितातली एखादी गोष्ट तुमच्याहून लहान मुलाला समजेल अशी लिहा. बहुतेकांनी त्रिकोण घेतले, काहींनी शून्याचं कौतुक केलं. क्रमांक एकशे बाराने अपूर्णांकांचा भागाकार घेतला होता. तिने लिहिलं होतं, एक चादर घ्या. तिची तीनदा अर्धी अर्धी घडी घाला, उघडा, आठ भाग दिसतील. आता चादरीचा पाव भाग पलंगाखाली खोचून टाका. उरलेल्या पाऊण चादरीत आठव्या हिश्श्याचे किती तुकडे बसतात ते बोटाने मोजा. सहा. झाला भागाकार. आणि खाली: घडी घालताना घाई करू नये, घाई केली की अपूर्णांक रुसतात.

मी पेन खाली ठेवलं. अपूर्णांक रुसतात हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही. ते मी स्वयंपाकघराबाहेरच्या दोरीखाली उभं राहून एका आठ वर्षांच्या मुलीला म्हटलं होतं. तिच्या हातात चादरीची दोन टोकं होती, माझ्या हातात दोन, आणि ती खो खो हसत होती. तुझी आई आतून ओरडली होती की चादर जमिनीला लागतेय.

एकशे बारा कोणाची मुलगी असणार हे मला त्या क्षणी कळलं. सोळा वर्षांची असेल ना आता? पाच वर्षांची असताना माझा चष्मा घालून घरभर फिरायची.

पेपराला मी योग्य ते गुण दिले. काळजी नसावी.

बाबा


१३ फेब्रुवारी

भिंगरी,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. चार दिवस ते पोटात घेऊन फिरतोय, जेवण गोड लागत नाही.

एकशे बाराचा पेपर अडतीसचा होता. चाळीसपैकी अडतीस, डोळे मिटून. मी अडतीस लिहिले. मग मनात आलं, अरे, ही आपली नात. आपला हात सैल तर सुटला नाही? मग मी छत्तीस केले. मग वाटलं, छत्तीससुद्धा मायेपोटी असतील. तर चौतीस केले. चौतीसवर मला एकदम फार स्वच्छ वाटलं. किती सरळ माणूस आहेस रे बाबा तू, असं स्वतःलाच म्हणून मी चहा मागवला. आत्याने दिला नाही, हे तिचे उपकार.

काल समितीची बैठक झाली आणि क्रमांकांसमोर नावं उघडली. आईच्या नावाच्या रकान्यात तुझं नाव, मी ठेवलेलं. निवडायचीत सहा. तुझी लेक सातवी आली. सहाव्यापेक्षा दोन गुणांनी मागे.

मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. सचिव यादी वाचत होते आणि मी टेबलावरच्या सनमाइकची फुलं मोजत होतो.

आता पेच सांगतो, कारण तो तुझाही आहे. नियम नववा असा आहे: परीक्षकाला अर्जदार ओळखीचा वाटला तर त्याने पेपर तपासण्याआधी सांगावं. न सांगता तपासला, तर दोघांचं संगनमत आहे असं धरून तो अर्ज बाद. म्हणजे मी गप्प राहिलो तर माझ्या कापाकापीमुळे पोरगी जाते, आणि बोललो तर नियमामुळे जाते. यादी दहा मार्चला लागणार. तोवर काहीतरी केलं पाहिजे आणि काय करावं ते मला सुचत नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची गणितं सोडवली त्याची ही गत.

अर्जात एक प्रश्न आहे, घरात कोणी शिक्षक आहे किंवा होते का? त्यापुढे 'नाही' लिहिलंय. अक्षर तुझं आहे. मी ते बराच वेळ बघत होतो. नाकाला मिरच्या झोंबल्या असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर झोंबलं दुसरीकडेच.

मी बोलू का? तू सांगशील तसं करीन. परवानगी मागतोय.

बाबा


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

पोस्टमन आता हातही हलवत नाही, नुसती मान हलवतो. आत्याने आज विचारलं, "पत्रात काय लिहितोस? उपदेश लिहीत असशील." मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "मग हवापाणी लिहीत असशील. जे लिहायला हवं ते लिही ना, मेल्या." तिचं मशीन चालू होतं तेव्हा.

तर ते लिहितो.

तू शेवटच्या वर्षाला होतीस. पुरस्कारासाठी प्रत्येक शाळेने एकच नाव पाठवायचं असे. तुझे आणि कंपाउंडरच्या मुलीचे गुण सारखे होते. शिक्षकांच्या खोलीत ते लांब टेबल, आम्ही अकरा जण, आणि मुख्याध्यापकांनी दोन्ही नावं वाचली. कोणी काही बोलायच्या आत मी म्हणालो, "माझ्या मुलीचं नाव खोडा." कोणी सांगितलं होतं मला? कोणीही नाही. चित्रकलेच्या बाई तर म्हणाल्या, अहो सर, निदान मतं तरी घेऊ. मी म्हटलं, नको, उद्या लोक म्हणतील मास्तरांनी आपल्याच पोरीच्या पदरात माप घातलं. सगळ्यांनी वाहवा केली. मी घरी आलो तो हवेतून चालत.

आणि तू दारात उभी होतीस. म्हणालीस, "बाबा, माझं नाव गेलं का?" तेव्हा खरं सांगितलं असतं तरी निभावलं असतं. तू चार दिवस रुसली असतीस, आदळआपट केली असतीस, आणि आपण दोघं आज काही वेगळे असतो. पण मला ते जड गेलं. मी म्हणालो, "अभ्यास थोडा कमी पडला."

तू जाऊन चादरी काढून आणल्यास दोरीवरून, एकटीनेच घड्या घातल्यास. त्यानंतर तू गणिताचं पुस्तक माझ्यासमोर कधी उघडलं नाहीस. कॉलेजात गणित घेतलं नाहीस. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम धरलंस. तू ते काम उत्तम करतेस हे मला ऐकून माहीत आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण तू ते निवडलंस ते माझ्या एका खोट्या वाक्याच्या जोरावर.

मग तुझी आई गेली. भेटायला जुने मुख्याध्यापक आले आणि भरल्या घरात कौतुकाने म्हणाले, "काय माणूस आहेत तुमचे वडील! तुमचं नाव स्वतः खोडलं हो यांनी, तुम्ही बरोबरीच्या असताना." बिचारे माझी स्तुती करत होते. तू हातातला कप खाली ठेवलास, पोरीला चप्पल घातलीस आणि गेलीस. मी मागे आलो नाही. मला तेव्हाही वाटत होतं की मी चुकलो नाही, फक्त तुला ते नीट कळलं नाही. अकरा वर्षं मी तेच घोकलं.

या वेळी ते चौतीस लिहिताना मला तेच स्वच्छ वाटलं, अगदी तेच. तेव्हा कळलं की मी सरळ वगैरे काही नाही. मला लोकांचं भय आहे, आणि त्या भयाची किंमत मी नेहमी घरच्यांकडून वसूल करतो. परक्या मुलीला मी कधी एक गुण कमी दिला नाही.

भिंगरी, तुझा अभ्यास कमी पडला नव्हता. कणभरही नाही. मी चुकलो. हे मी तुला तोंडाने सांगायला हवं होतं आणि सव्वीस वर्षं आधी.

बाबा


२४ फेब्रुवारी

भिंगरी,

कार्ड मिळालं. पोस्टमनने ते वाचलं असणार, कारण देताना तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

मला शब्दन् शब्द पाठ झालाय, तरी इथे उतरवतो, म्हणजे तू काय लिहिलंस त्याबद्दल पुढे मतभेद नकोत. 'बाबा, परवानगी कसली मागता? माझं नाव खोडताना मागितली होती का? लेकीला अजून काही सांगितलेलं नाही. तिला लपवाछपवी चालत नाही, ती माझ्यावर गेलीय. जाऊन खरं काय ते सांगा. आणि तिचे चार गुण परत आणा, कसे ते तुम्ही बघा. दर वेळी तुमच्या सरळपणाची झळ आम्हीच का सोसायची?'

खाली सही नाही. चालेल.

आत्याला वाचून दाखवलं. तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावून परत वाचलं आणि म्हणाली, "बरं झालं. एवढी चिडलीय म्हणजे अजून तुझीच आहे." मग डाव मांडला आणि मला खरोखर हरवलं.

परवा सकाळी समितीच्या कार्यालयात जातोय. इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय.

बाबा


२८ फेब्रुवारी

भिंगरी,

घडलं ते जसंच्या तसं सांगतो. गाळत नाही, म्हणजे माझा फजितीचा भागही आला.

आमच्या अध्यक्षबाई इस्पितळात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी समोर बसलं की जीभ बाहेर काढून दाखवावीशी वाटते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: पेपर ओळखला, सांगितलं नाही, वर चार गुण कापले. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "वाढवले असते तर मला कळलं असतं. कापले कशाला?"

मी म्हटलं, पक्षपात नको म्हणून.

"अहो सर, हा पक्षपातच झाला. उलट्या बाजूचा." आणि सचिवांकडे वळून, "यांना पाणी द्या. बसा तुम्ही. चेहरा पांढरा पडलाय."

सचिव नियमावर बोट ठेवूनच बसले होते. ते म्हणाले, नियम नववा स्पष्ट आहे, शिवाय अर्जात घरात शिक्षक नाही असं लिहिलंय, म्हणजे नातं लपवलंय, म्हणजे संगनमत. मी खुर्चीतून उठलो. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही, पण आवाज वर्गातला लागला असावा, कारण बाहेरची टायपिस्ट दारात येऊन उभी राहिली. एवढं आठवतं, की मी म्हणालो, "तिने लपवलं नाही. तिच्या लेखी मी नव्हतोच. आणि नव्हतो तो माझ्या कर्तबगारीने."

मग अध्यक्षबाईंनी विचारलं, तुमची आणि मुलीची शेवटची भेट कधी झाली? मी सांगितलं. पत्र? फोन? निरोप? नाही, नाही, नाही. अर्ज सप्टेंबरातला, मी समितीवर आलो नोव्हेंबरात. त्यांनी सगळं कागदावर मांडलं आणि म्हणाल्या, "संगनमत व्हायला आधी बोलणं तरी असावं लागतं. पण मला हे तोंडी चालणार नाही. तुम्ही दोघांनी माझ्यासमोर बसून लिहून द्यायचं, की पेपर तपासला तेव्हा तुमच्यात कसलाही संबंध नव्हता. दोघांच्या सह्या. तसं झालं तर अर्ज राहील आणि तुम्ही तपासलेले चाळीसच्या चाळीस पेपर मी दुसऱ्याकडून तपासून घेईन. एकटीचा नाही, सगळ्यांचे."

मला समितीवरून काढलंय. रीतसर, पत्र देऊन. आत्याने ते पत्र फ्रेम करू या म्हणून सुचवलंय.

तेव्हा तुला यावं लागेल. सात मार्च, सकाळी अकरा. तुझा कामाचा दिवस बुडेल याची कल्पना आहे. मी बोलणार नाही, हवं तर. तू सांगशील त्या खुर्चीत बसेन, तोंड भिंतीकडे करून म्हणालीस तर तसा. फक्त ये. माझ्यासाठी म्हणत नाही, पोरीसाठी म्हणतोय. माझ्यासाठी म्हणायचा मला हक्क नाही, नाहीतर तेही म्हटलं असतं.

बाबा


१२ मार्च

नातबाई,

परवा यादी लागल्यावर तू फोन केलास तेव्हा मी नीट बोललो नाही. हो, बरं, छान, एवढंच. तू म्हणालीस, "तुम्ही आजोबा बोलताय ना? की चुकीचा नंबर लागला?" नंबर बरोबर होता. फोनवर मला जमत नाही. म्हणून लिहितो, त्यात मी जरा बरा आहे.

आधी तुझं देणं देतो. नवीन परीक्षकांनी तुझ्या उत्तराला सदतीस दिले आणि तू पाचवी आलीस. माझ्या मते ते एका गुणाने कंजूष आहेत. तुझं उत्तर अडतीसचं होतं. फार सुंदर होतं. पाव चादर पलंगाखाली खोचायची युक्ती मला कधी सुचली नाही, ती तुझी स्वतःची. हे मी आजोबा म्हणून सांगत नाही, चौतीस वर्षं पेपर तपासलेला माणूस म्हणून सांगतो. मग आजोबा म्हणूनही सांगतो.

मी तुझे चार गुण कापले होते, हे आईने तुला आता सांगितलंय. मी तुझी माफी मागतो. मी ते तुझ्यावर राग म्हणून केलं नाही, माया लपवायला केलं, पण ज्याचे गुण गेले त्याला हा फरक काय कामाचा. तुझ्या वर येण्याने कोणीतरी एक सातवं झालंच असेल. कोण ते मी विचारलं नाही, आणि समितीवाले सांगणारही नव्हते.

आता तुझा प्रश्न. तू म्हणालीस, आई त्या दिवशी कार्यालयातून आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि ती गाणं म्हणत होती, आणि काय झालं विचारलं की सांगत नाही. ती सांगणार नाही. मी सांगतो.

मी साडेदहालाच जाऊन बसलो होतो. ती अकराला पाच मिनिटं असताना आली. कामावरचा निळा कोट अंगात तसाच, बोटांच्या टोकांना भिंगं घासायची पांढरी पूड. केस पांढरे व्हायला लागलेत गं तिचे. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. ती माझ्या शेजारची एक खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीत बसली. मी कबूल केल्याप्रमाणे बोललो नाही.

सचिवांनी कागद टाइप करून आणला होता. अध्यक्षबाईंनी तो वाचून दाखवला: आम्ही खाली सही करणार वडील आणि मुलगी असं लिहून देतो, की अमुक वर्षाच्या अमुक महिन्यापासून आम्हा दोघांत भेट, पत्र, फोन वा निरोप असा कोणताही संबंध नाही. खाली दोन रेघा, सह्यांसाठी.

आपलंच आयुष्य कोणीतरी टाइप करून समोर ठेवलं की कसं वाटतं, ते तुला कधी कळू नये. मी पेन उचललं. सही करायची आणि मोकळं व्हायचं, असं ठरवून आलो होतो. पण तुझी आई कागद हातात घेऊन वाचत राहिली. मग म्हणाली, "हे असं चालणार नाही."

मी पेन खाली ठेवलं. ती सही नाकारते की काय? तिने नाकारलं की तुझा अर्ज गेला.

ती म्हणाली, "कधीपासून नाही ते लिहिलंय. कधीपर्यंत ते लिहिलेलं नाही."

सचिव म्हणाले, "बाई, पेपर तपासला तोपर्यंत नव्हता, एवढंच समितीला हवंय."

"समितीला हवं असेल. सही माझी आहे. खाली आजची तारीख आहे, म्हणजे आजही संबंध नाही असा अर्थ होतो. मी खोट्यावर सही करत नाही."

इथे मला गप्प बसवेना. खोडच ती. मी म्हणालो, "मग तीन फेब्रुवारी घाला. मी पहिलं पत्र टाकलं तो दिवस."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांनी. "एकाने पत्र टाकलं म्हणून संबंध होतो का? मी फाडलं असतं तर?"

"मग तुझं कार्ड आलं ती तारीख. चोवीस."

"कार्डात मी तुम्हाला चार शब्द सुनावले होते. ते काय संबंध जोडायला लिहिलं होतं?"

"चिडायलासुद्धा संबंध लागतो," मी म्हणालो. हे खरं तर तुझ्या आईच्या आत्याचं म्हणणं, पण तिचं नाव घ्यायची ती वेळ नव्हती.

"बाबा, तुम्ही प्रत्येक गोष्टीत शिकवणी घेऊ नका."

"मी शिकवणी घेत नाही, मी तारीख विचारतोय!"

दोघांचेही आवाज चढले होते. टायपिस्ट परत दारात आली होती. अध्यक्षबाईंनी टेबलावर बोटाने दोनदा टकटक केली आणि म्हणाल्या, "वडील म्हणतात तीन, वडीलच म्हणतात चोवीस. बाई, तुम्हाला कुठली तारीख हवी ते एकदा सांगा, मी तीच घालते. माझी साडेअकराला दुसरी बैठक आहे."

तुझी आई बोटांवरची पूड कोटाला पुसत बसली. पुष्कळ वेळ. मग कागदाकडे बघत म्हणाली, "पाच."

"पाच काय?" सचिव म्हणाले.

"पाच फेब्रुवारी. त्या दिवशी यांचं पत्र मला मिळालं. दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं. मशीन बंद करून मी ते तिथेच उभ्याने वाचलं." मग जरा थांबून, आणखी बारीक आवाजात, "दोनदा वाचलं."

नातबाई, मी त्या एकोणीस दिवसांत रोज दारात उभा होतो. मला वाटत होतं, ते पत्र कुठल्यातरी कचऱ्याच्या डब्यात आहे.

अध्यक्षबाईंनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलं, दिनांक पाच फेब्रुवारीपर्यंत, आणि शेजारी आपली छोटी सही केली. तुझ्या आईने सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी पेन धरलं, पण मला रेघ दिसेना. चष्मा पुसला तरी दिसेना. तेव्हा ती उठून मधल्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसली आणि तिने बोट ठेवून मला जागा दाखवली.

तुझा आजोबा